दिवाळीपर्यंत सत्कार नको

परदेशातून वर्षभरासाठी आलेलं सोळा-सतरा वर्षांचं पोर आपल्याकडे उतरलं की पहिल्याच आठवड्यात त्याला फेटा बांधला जातो. मग शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि स्थानिक वर्तमानपत्रात फोटो. शाळेत त्याला स्टेजवर बसवतात, पाठ करून घेतलेली तीन मराठी वाक्यं म्हणायला लावतात आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. यात कुणाच्याच मनात वाईट काही नसतं. आलेल्या माणसाचं आपण असंच कौतुक करतो, आणि फेट्यातल्या त्या गोंधळलेल्या चेहऱ्यांचे फोटो मीही जपून ठेवले आहेत. पण इतकी वर्षं या मुलांची काउन्सेलर म्हणून काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की सत्कारामुळे मूल रुळायला उशीर लागतो.

काउन्सेलर हा शब्द मोठा आहे, काम साधं आहे. शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीत मूल एका परक्या देशात जवळपास दहा महिने राहतं. तिथल्या कुटुंबात राहतं, तिथल्या शाळेत जातं. यजमान कुटुंब त्यासाठी पैसे घेत नाही. काउन्सेलर त्या कुटुंबातली नसते, म्हणून मुलाला घरात जे बोलता येत नाही ते तिच्याजवळ बोलता येतं. मी सांगलीत शाळेत भूगोल शिकवत होते. निवृत्तीनंतर हे काम अंगावर घेतलं आणि आता ते सोडवत नाही. ब्राझील, जर्मनी, फ्रान्स, तैवान, कुठकुठची मुलं विश्रामबागेतल्या माझ्या घरी येऊन बसतात आणि मला मावशी म्हणतात.

या पद्धतीचा जन्म कशातून झाला हे मी प्रत्येक नव्या यजमान कुटुंबाला सांगते, कारण त्यातून आपल्याला काय करायचं आहे ते कळतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' नावाची संघटना होती. दुसऱ्या महायुद्धात ती पुन्हा त्याच कामाला लागली. दोन्ही वेळा फाटलेली शरीरं उचलून झाल्यावर या लोकांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशात राहायला पाठवण्याचं काम हाती घेतलं, १९४७ पासून. १९५१ मध्ये जर्मन मुलं अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात राहायला गेली, सहा वर्षांपूर्वीपर्यंत शत्रू असलेल्या लोकांच्या घरात. त्यातून 'यूथ फॉर अंडरस्टँडिंग' ही संस्था उभी राहिली. रोटरीची देवाणघेवाण या दोन्हींहून जुनी, १९२७ साली फ्रान्समधल्या नीसच्या क्लबाने सुरू केलेली. या सगळ्यांनी मुलांना वसतिगृहात न ठेवता घरात ठेवलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. घरात सण असतो तसा मंगळवारही असतो. आजारपण असतं, उधारी असते, भांडण असतं, पाणी जातं, गॅस संपतो. मूल हे सगळं पाहतं तेव्हा ते त्या देशात राहतंय असं म्हणता येतं.

पहिले पंधरा दिवस कागदांत जातात. घरी परदेशी माणूस आला की त्याची चोवीस तासांत नोंद करायची, आणि व्हिसा लांब मुदतीचा असेल तर चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. पूर्वी त्यासाठी पोलीस अधीक्षक कार्यालयात चकरा असायच्या, २०१८ पासून बरंचसं ऑनलाइन होतं. मग सिम कार्ड, मापाचे गणवेश, पोट बिघडणं आणि दहीभात. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. यातून सगळी मुलं पार पडतात.

मुलं ऑगस्टमध्ये येतात. म्हणजे श्रावण संपत आलेला, दहीहंडीची गडबड, लगेच गणपती. मिरजेतल्या विसर्जनाच्या रात्रीच्या स्वागत कमानी, ढोल, पहाटेपर्यंत चालणारी मिरवणूक हे बघून डोळे फाडून उभी असलेली मुलं मी पाहिली आहेत. मग नवरात्र, मग दिवाळी. आकाशकंदील, फराळ, मामाच्या गावाला चक्कर, सगळीकडे याच मुलांचं कौतुक. त्यांचे परदेशातले आईवडील फोटो पाहून खूश असतात. आणि मग दिवाळीची सुट्टी संपते.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून १९५५ मध्ये एक निष्कर्ष मांडला. परदेशात सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेली माणसं बऱ्यापैकी रुळलेली होती, मधल्या काळात परतलेल्यांचं मात्र तितकं जमलेलं नव्हतं. त्यावरून रुळण्याचा आलेख इंग्रजी 'यू' अक्षरासारखा असतो, असं सगळे म्हणू लागले. ती मोठी, शिकलेली माणसं होती. आमची मुलं सोळाची आणि सगळं मिळून दहा महिने राहणारी. त्या हिशोबाने त्यांच्या वाट्याला नुसता उतारच यायला हवा. तसं होत नाही हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. खड्डा येतो, तो आपल्या पंचांगाप्रमाणे दिवाळीनंतर येतो, आणि त्यातून मूल महिन्याभरात वर येईल की परतीच्या विमानापर्यंत तिथेच बसून राहील, हे बऱ्याच अंशी घराच्या हातात असतं.

नोव्हेंबरात काय होतं ते सांगते. कार्यक्रम संपलेले असतात. फेटा बांधणाऱ्यांना आता आपापली कामं असतात. शेजारची मुलं परीक्षेला लागलेली असतात. आणि ज्या कॉलेजात मित्र मिळतील म्हणून आपण मुलाला अकरावीत घातलं, तिथे पट भरलेला आणि बाकं रिकामी असतात. कारण अकरावीची मुलं सकाळी सातपासून क्लासमध्ये असतात, जेईई नाहीतर नीटच्या. प्रॅक्टिकलपुरती कॉलेजात येतात. परदेशी पोर गणवेश घालून जातं, रिकाम्या वर्गात बसतं आणि अकरा वाजता घरी येतं. आपल्या शिक्षणाची ही अवस्था त्या मुलांना कुणी समजावून सांगितलेली नसते, आणि ती समजावताना मला दर वर्षी वाईट वाटतं.

यावर मी एक तोड काढली आहे. या मुलांना इथले गुण, प्रमाणपत्र काही नेऊन मिरवायचं नसतं, तेव्हा इयत्तेचा आग्रह कशाला? शाळा तयार असेल तर मी त्यांना नववीत बसवते. नववीचा वर्ग भरलेला असतो. तिथे मधली सुट्टी असते, डबे असतात, पीटीचा तास असतो, बेंचवर जागेसाठी मारामारी असते. वयात एक-दोन वर्षांचा फरक असला तरी महिन्याभरात त्यांना घरापर्यंत सोडायला येणारी टोळी तयार होते.

शाळा झाली, आता घर. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात परदेशी मुलाला करायला कामच नसतं, ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. त्याच्या देशात ते भांडी मशीनमध्ये लावत होतं, कुत्र्याला फिरवत होतं, कचरा बाहेर ठेवत होतं, स्वतःची चादर बदलत होतं. इथे धुणंभांड्याला बाई येतात, स्वयंपाक आई आणि आजी करतात, आणि पोरगी ताट उचलायला गेली की चार माणसं धावतात, 'राहू दे गं, तू बस.' माया खरी असते. पण दिवसभर 'तू बस' ऐकणाऱ्या माणसाने करायचं काय? ते खोलीत जातं आणि फोन उघडतं.

एका वर्षी ब्राझीलची मुलगी होती. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटते तेव्हा तिच्या मैत्रिणींची दुपार चालू असते. दिवाळीनंतर ती पहाटे तीनपर्यंत व्हिडिओ कॉलवर आणि दुपारी बारापर्यंत झोपलेली. घरच्यांनी हरतऱ्हेने प्रयत्न केले. पिझ्झा आणला, कोल्हापूरला रंकाळ्यावर नेलं, नवे कपडे घेतले. ती दर वेळी नम्रपणे आभार मानायची आणि परत खोलीत जायची. घरच्या सूनबाई माझ्याकडे येऊन रडल्या. आमचं काय चुकतंय, म्हणाल्या.

त्याच सुमारास घरातल्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन बाटल्या, थेंब दिवसातून अनेकदा, एक थेंब घातला की काही मिनिटं थांबून दुसरा. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर. दुपारच्या थेंबांसाठी कुणाला बोलवायचं याची चर्चा चालली होती, तेव्हा मी म्हटलं, घरात एक धडधाकट मुलगी आहे. सूनबाईंना ते पटेना. 'तिला कसं सांगायचं हो मावशी? ती काय कामाला आली आहे का आपल्याकडे?' आजींनाच ते आधी पटलं. त्या म्हणाल्या, तिचे हात थरथरत नाहीत, माझ्या लेकाचे थरथरतात.

हात कसे धुवायचे, खालची पापणी कशी ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला कसं लागू द्यायचं नाही, हे सूनबाईंनी शिकवलं. वेळांचा कागद फ्रिजवर लागला. पहिला थेंब सकाळी आठला, त्यामुळे तीनपर्यंत जागणं आपोआप बंद पडलं. त्याबद्दल कुणाला काही बोलावंही लागलं नाही. 'वर बघा', 'मिटा', 'हलू नका', 'झालं' हे तिचे पहिले खरे मराठी शब्द. दोन थेंबांच्या मधल्या त्या काही मिनिटांत आजी डोळे मिटून बोलत राहायच्या. आटपाडीकडचं माहेर, दुष्काळात खडी फोडायला गेलेले भाऊ, सासूने केलेला छळ. पोरीला त्यातलं अर्धंही कळत नसणार. पण ती ऐकत बसायची, आणि एक दिवस मला विचारते, मावशी, आजीचा भाऊ परत आला का?

काही दिवसांनी ती माझ्याकडे आली ती हसतच. 'मावशी, आज मला आजी रागावली!' थेंबाला उशीर केला होता, मैदानावर व्हॉलीबॉल खेळत बसली होती. आजींनी तिला नातीला सुनावतात तसं सुनावलं होतं. ती गोष्ट तिने त्या दिवशी आईलाही फोन करून सांगितली. तिच्या सगळ्या सत्कारांचे फोटो मी पाहिले होते. एकाही फोटोत तिचा चेहरा तसा फुललेला नव्हता.

तेव्हापासून मी यजमान घराच्या पहिल्या भेटीत खोली, बाथरूम, पंखा हे सगळं नंतर बघते. आधी विचारते, या घरात मुलाने नाही केलं तर अडेल असं कोणतं काम तुम्ही त्याला द्याल? भाजी निवडायला 'बोलावणं' वेगळं, तो हौसेचा भाग झाला. ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी काही अवलंबून आहे असं काम हवं. एका घराने जर्मन मुलाकडे दुधाचा हिशोब दिला. एका घरात धाकट्याला शाळेच्या रिक्षापर्यंत पोचवणं फ्रेंच मुलीकडे होतं. ती आजारी पडली तेव्हा धाकट्याने दुसऱ्या कुणाबरोबर जायला नकार दिला, आणि तापातसुद्धा ती त्यावर खूश होती.

भाषेचंही असंच आहे. आपली कॉलेजची मुलं या मुलांशी इंग्रजीतच बोलतात, स्वतःचं इंग्रजी सुधारावं म्हणून. त्यांना नावं ठेवत नाही, पण त्यामुळे पाहुणं मूल मराठीविना राहतं. ज्यांना इंग्रजी येत नाही तीच माणसं त्यांना मराठी शिकवतात. आजी, बालवाडीतली पोरं, कोपऱ्यावरचा भडंगवाला, मैदानावरचे कबड्डीचे गडी. म्हणून आमच्याकडून परत जाणारी मुलं पुस्तकी मराठी बोलत नाहीत, अस्सल आमच्याकडचं बोलतात, आणि 'काय करालाईस?' असं विचारणारा गोरा मुलगा पुण्यात गेला की लोक माना वळवून बघतात.

बंद दार हा दर वर्षीचा प्रश्न. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मधल्या आपल्या लेखात परक्या देशात माणूस का कोसळतो याचं कारण रोजच्या लहान खुणांत शोधलं होतं. कधी हात पुढे करायचा, कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, या न शिकवता आलेल्या खुणा एकदम निरुपयोगी होतात. दाराचं तसंच आहे. युरोपातलं मूल खोलीचं दार लावतं ते केवळ कपडे बदलण्यासाठी किंवा थोडं एकटं बसण्यासाठी. आपल्याकडे दिवसा लावलेलं दार म्हणजे रुसवा, नाहीतर आजार. आई पाचव्या मिनिटाला दार वाजवते, 'बरं आहे ना?' मूल आतून दचकतं, आपली चोरी पकडल्यासारखं. मी दोघांशी वेगवेगळं बोलते. घराला सांगते, दुपारी एक तास दार बंद राहू द्या, कुणीही वाजवायचं नाही. मुलाला सांगते, संध्याकाळी दिवेलागणीपासून जेवण होईपर्यंत दार सताड उघडं हवं, आणि शक्यतो तू बाहेरच्या खोलीत. इतक्या छोट्या करारावर घरं शांत झालेली मी पाहिली आहेत.

बाहेर जाण्याचा प्रश्न याहून अवघड, विशेषतः मुलींचा. स्वतःच्या देशात एकटी ट्रेनने दुसऱ्या गावी जाणारी मुलगी इथे कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा कुणाला तरी घेऊन जाते. यजमानांची काळजी खोटी नाही. परक्याच्या लेकीची जबाबदारी आहे, आणि रस्त्यावर लोक बघतात, फोटो मागतात, हे मी नाकारत नाही. पण दहा महिने दुसऱ्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेल्या मुलीला ते गाव कधीच आपलं वाटणार नाही. गाडी चालवायला देवाणघेवाणीच्या नियमांत मनाई असते, सायकलला नसते. सांगली सपाट आहे. मी सायकलचा हट्ट धरते. आधी घर ते शाळा, मग आमराई, मग कृष्णेचा घाट, वेळ ठरलेली, फोन चालू. गणपती मंदिरासमोरून सायकल हातात धरून चालणाऱ्या मुलीला फुलवाली नावाने हाक मारते तेव्हा मला त्या वर्षाची काळजी उरत नाही.

आणि मग, रुळलं म्हणेपर्यंत, घर बदलायची वेळ येते. एका मुलाने एकाहून जास्त कुटुंबांत राहावं अशी आमच्याकडची पद्धत आहे. डिसेंबर-जानेवारीत पहिलं घर सोडून दुसऱ्यात जायचं. यावर फार रडारड होते, मुलाची कमी आणि घराची जास्त. काही लोक म्हणतात, हे निर्दय आहे, राहू द्या की. मला तसं वाटत नाही. एकाच घरात राहिलेलं मूल त्या घरालाच देश समजून परत जातं. जैन कुटुंबात गेलेलं मूल सूर्य मावळायच्या आत जेवायला शिकतं, कांदा-बटाटा सोडतं, आणि रात्री व्हॉलीबॉलनंतर भूक लागली तर काय करायचं हे घरच्या आईशी बोलून ठरवतं. तिथून मिरजेत मुस्लिम घरात गेलं की पहाटे सहरीला उठतं. या दोन घरांमध्ये सिटी बसने अर्ध्या तासाचं अंतर असेल. हे अंतर त्या मुलाने स्वतः ओलांडलेलं असतं, आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी सांगलीकरांनी ते जन्मात ओलांडलेलं नाही.

आपली मुलंही बाहेर जातात, पण वर्षभरासाठी कमीच. दहावी झाली की अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षा समोर असतात आणि पालकांना ते वर्ष परवडत नाही. म्हणून बरेच जण काही आठवड्यांच्या छोट्या मुक्कामावर समाधान मानतात. जे थोडे जातात त्यांच्या आया मला पहिला प्रश्न जेवणाचा विचारतात. तासगावच्या बागायतदाराचा एक शाकाहारी मुलगा डेन्मार्कला गेला होता. नोव्हेंबर अखेरीस तिथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. आईला वाटलं, पोरगं राईचा पाव आणि बटाटे खाऊन अंधारात झुरत असणार. त्याने परत आल्यावर जे सांगितलं ते मी अनेकांना सांगते. यजमानांनी त्याला दुसऱ्याच दिवशी कुत्र्याचा पट्टा हातात दिला होता, सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो की बर्फ. घरी कधी कुत्र्याला हात न लावलेला मुलगा. त्या कुत्र्यामुळे रस्त्यावरचे म्हातारे त्याच्याशी बोलायला थांबायचे, त्यांच्याकडून तो डॅनिश शिकला, आणि महिन्याभरात त्या वस्तीत तो 'कुत्र्यावाला मुलगा' होता, परदेशी मुलगा नव्हता.

येत्या ऑगस्टमध्ये तैवानची मुलगी येते आहे. तिचं पहिलं घर मिरजेत ठरलं आहे, तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिराचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला पुष्कळ काही आहे, आणि हेच मला नको आहे. मी त्यांना विचारलं, तिला कोणतं काम द्याल? घरधनी म्हणाले, भोपळ्याला पॉलिश पेपर मारायला देईन, पण पाहुणी पोर, हात खरखरीत होतील. मी म्हटलं, होऊ देत. घरच्या ताईंची अडचण वेगळी होती. पाणी पहाटे येतं, सगळं घर तेव्हा उठून भरून ठेवतं. तिला उठवायचं का? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून उठवायचं, एक पिंप तिच्या नावाचं करायचं, आणि ते रिकामं राहिलं तर तुम्ही भरायचं नाही. ताई विचार करून सांगते म्हणाल्या. त्यांच्या सासूबाईंना ते अजिबात पटलेलं नाही. गुरुवारी मी पुन्हा जाणार आहे, या वेळी आधी सासूबाईंशी बोलायला.